मिस विनीची हिरवी ताटली

१

कोच प्रूइटची माती झाली, मंडळी आमच्या शाळेच्या, लॅरिमोर अकॅडमीच्या, जेवणघरात जेवायला जमली, आणि त्या गर्दीत माझ्या आईची अंड्यांची ताटली चोरीला गेली.

हसू नका. आमच्या लॅरिमोरात कुणी गेलं की घरोघरून पदार्थ येतात, भांड्याखाली चिकटपट्टीवर घराचं नाव असतं, आणि आठवडा उलटायच्या आत भांडं ज्याचं त्याच्या घरी पोचतं. नवरा परत आला नाही तर लोक समजून घेतात. भांडं परत आलं नाही तर नातवंडांपर्यंत लक्षात ठेवतात. आणि चोरी? तीही मयताच्या जेवणात? असलं काही इथे कुणी ऐकलंही नव्हतं.

ताटली मीच नेली होती. कंबरेचं हाड मोडल्यापासून आई वॉकर घेऊन चालते, त्यामुळे स्वयंपाक माझ्याकडे आलाय. उकडलेली अंडी अर्धी कापायची, बलक मोहरीत आणि लोणच्यात कालवून परत भरायचा. मयताच्या जेवणाला ही भरली अंडी हवीतच. नेहमीची पांढरी ताटली माझ्याच हातून फुटली होती, म्हणून मी सकाळी कपाटं उपसली. चादरींच्या कप्प्यात पार मागे, उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली एक सापडली. हिरव्या काचेची, कडेने अंडी बसायला खळगे, मधे उठावाची कोंबडी, आणि कोंबडीची चोच तुटलेली. म्हटलं, अरे वा, ही कुठे लपली होती इतकी वर्षं? धुतली, भरली, वर फॉइल लावलं आणि आईबरोबर गाडीत टाकली.

जेवणं होता होता बघते तर अंडी एका साध्या ट्रेमध्ये, खाली लेट्युसची पानं पसरून, घसरू नयेत अशी नीट मांडलेली. ताटलीचा पत्ता नाही.

"आई, तुझी ती हिरवी ताटली कुणीतरी ढापली बघ."

"जाऊ दे," आई म्हणाली.

जाऊ दे! ही माझी आई, विनी स्टॅम्पर, जिला सगळं गाव मानाने मिस विनी म्हणतं, जी एका केकच्या डब्यापायी मेथॉडिस्ट पाद्र्याच्या बायकोशी कित्येक वर्षं बोलली नव्हती. मी तिच्याकडे बघतच राहिले. ती खिडकीबाहेर पार्किंगमधल्या गाड्या बघत होती.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रिप मॅक्रेचा फोन आला. ट्रिप अकॅडमीचा मुख्याध्यापक. मी जो नेल स्टॅम्पर, गावचं साप्ताहिक चालवते, म्हणजे लग्नं, मयतं, फुटबॉलचे निकाल आणि डासांच्या फवारणीचं वेळापत्रक छापते. अकॅडमीला पन्नास वर्षं होतायत म्हणून शाळेचा इतिहास लिहायचं कामही ट्रिपने माझ्याच गळ्यात मारलं होतं.

"ताटलीचं कळलं मला," तो म्हणाला. "अर्नेस्टीनने घेतली."

"तू पाहिलंस?"

"मागच्या दाराने कचऱ्याच्या पिशव्या घेऊन तीच गेली की नाही? शिवाय दोघीतिघींनी सांगितलं मला. चहाचा जग हातात धरून बया त्या टेबलासमोर पुतळ्यासारखी उभी होती म्हणे."

"अख्ख्या गावाला वाढत होती ती, ट्रिप. टेबलाकडे बघायचं नाही तर काय छताकडे बघायचं?"

"तुला ठाऊक नाही तिच्या डोक्यात काय आहे ते. बापाचं खूळ घेऊन बसलीय."

ठाऊक कसं नसेल! अर्नेस्टीन गॅटलिन अकॅडमीच्या स्वयंपाकघरात काम करते, आणि तिच्या वडिलांचं प्रकरण गावातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. फक्त कुणी बोलत नाही.

मी पहिलीत होते तेव्हाची गोष्ट. कोर्टाचा हुकूम आला की ख्रिसमसची सुट्टी संपली की गोरी आणि काळी पोरं एकाच शाळेत बसवा. शाळा उघडायच्या आधीच्या शनिवारी आमची गोऱ्यांची शाळा जळून राख झाली. मग सोमवारी सगळ्या पोरांनी रेल्वेलाइनच्या पलीकडच्या काळ्यांच्या शाळेत जायचं ठरलं. एकसुद्धा गोरं पोर गेलं नाही. आम्ही गेलो बाप्टिस्ट चर्चच्या तळघरात. तिथे बाकं मांडलेली, फळा टांगलेला, शिक्षक हजर, पाटीवर नाव रंगवलेलं: लॅरिमोर अकॅडमी. अशी आमची शाळा जन्मली, आणि दरवर्षीच्या माहितीपत्रकात आम्ही छापतो की ती पालकांच्या दर्जेदार शिक्षणाच्या तळमळीतून जन्मली. काळं पोर तिथे आजतागायत बोटावर मोजण्याइतकं.

आगीबद्दल पकडलं ते शाळेच्या शिपायाला, एझेल गॅटलिनला. किल्ली त्यांच्याकडे होती, तेवढं पुरलं. माणूस तरणाताठा तुरुंगातल्या कापसाच्या शेतात गेला तो केस पिकल्यावर परत आला. आता ऐंशी उलटलीय, चाकाच्या खुर्चीत असतात. आमच्या राज्यात जाळपोळीचा शिक्का बसला की मताचा हक्क जातो, तो मरेपर्यंत. या माणसाने तरुणपणी मतदार यादीत नाव घातलं होतं, आणि तेव्हा काळ्या माणसाने नाव घातलं की रात्री घरावर गोळ्या झाडायचे. त्यांना मरायच्या आधी एकदा मत द्यायचंय. यंदाच्या नोव्हेंबरात. त्यासाठी अर्नेस्टीनने दोनदा अर्ज केला, आणि दोन्ही वेळा जजने परत पाठवला. नवीन पुरावा आणा म्हणाला.

"आणि हे बघ," ट्रिप म्हणाला, "पुस्तकात आगीबद्दल एक ओळ पुरे. जे काही होतं ते कोचबरोबर गेलं."

"म्हणजे काय होतं?"

तो घाईघाईने म्हणाला, "काही नव्हतं गं. तेच तर सांगतोय."

३

कोचच्या बायकोकडे, मिस डोरोथियाकडे, मला तसंही जायचं होतं. जेवणाच्या दिवशी आईच्या अंगावर तिची शाल आली होती, ती परत करायची होती. सोबत अंजिराच्या मुरंब्याची बरणी नेली. रिकाम्या हाताने कुणाची वस्तू परत करत नाहीत इथे.

म्हातारी लोकांच्या भांड्यांच्या ढिगात बसली होती. सगळे ओव्हनमध्ये भांड्यासकट भाजलेले पदार्थ: कोंबडीचे कॅसरोल, रताळ्याचे कॅसरोल, फरसबीचे कॅसरोल.

"एकटीने कधी खाऊ हे सगळं?" ती म्हणाली. "जो नेल, तू ने बरं एक. कोणतंही ने. नाव बघून ने म्हणजे भांडं तूच परत करशील."

"शाल आणलीय."

"अगं, घाई काय होती? बिचारी विनी! त्या जेवणघरात एसी किती गार करून ठेवतात मेले. उघड्या दंडांनी कुडकुडत बसली होती. म्हटलं, विनी, तू आणि स्वेटरशिवाय? शेवटी मीच शाल टाकली तिच्या अंगावर."

मी तिच्यासमोर बसले आणि सरळ विचारलं. आगीचं कोचला माहीत होतं का? लोक तसं म्हणतात.

"म्हणू देत. मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपवता येतं." तिला राग आला नव्हता. तिच्या आवाजात काहीच नव्हतं. "मी संगीत शिकवायची तिथे. माझ्या वडिलांची व्हायोलिन संगीताच्या खोलीत असायची. सोमवारसाठी म्हणून शुक्रवारीच कपाटात ठेवून आले, शनिवारी राख. रविवारी सकाळी कोच त्या राखेत गुडघ्यावर बसून चाळत होता, निदान तारा तरी सापडतील म्हणून. संध्याकाळी हात भाजून आला. नाटक म्हणशील, तर त्या माणसाला नाटक करताच यायचं नाही. वाढदिवसाची भेटसुद्धा त्याला लपवता आली नाही कधी."

मी एक रताळ्याचं कॅसरोल उचललं आणि निघाले.

गाडीत बसले, किल्ली लावली आणि तशीच बसून राहिले. आईचा निळा स्वेटर त्या दिवशी मी स्वतःच्या हाताने तिच्या वॉकरच्या टोपलीत ठेवला होता. टोपली तिच्या हाताशी होती. थंडीने दातखीळ बसेपर्यंत तिने तो काढला का नाही? दुसऱ्या बाईची शाल घ्यायची वेळ आली तरी काढला नाही. माझी आई कुणाचं काही घेत नाही.

स्वेटर काढता येत नव्हता, कारण तो कशाला तरी गुंडाळलेला होता. घरी आणताना टोपली मीच उचलून गाडीत ठेवली होती. जड होती. मला वाटलं होतं, मिस डोरोथियाने एखादा केक दिला असेल.

माझ्या आईने स्वतःचीच ताटली चोरली होती.

४

स्वतःच्या ताटलीची चोरी का करावी लागते, हे मला कळेना. अर्नेस्टीन त्या टेबलासमोर पुतळ्यासारखी उभी होती असं ट्रिप म्हणाला होता. म्हणून रेल्वेलाइन ओलांडून मी तिच्या घरी गेले.

ती व्हरांड्यात भेंडी चिरत होती. शेजारी चाकाच्या खुर्चीत तिचे वडील, मांडीवर टोपी.

"या, मिस जो नेल," ती म्हणाली. "एकट्याच? मला वाटलं शेरीफला घेऊन याल. आमची भांडी तपासायची असतील ना? सगळी आमचीच आहेत, खालची नावं वाचा हवं तर."

"ताटली तू घेतली नाहीस, मला माहीत आहे."

तिची सुरी थांबली. "कोणी घेतली तेही माहीत आहे?"

"आधी तू सांग. तू तिथे उभी राहून काय बघत होतीस?"

"बघत होते ते घ्यायला हवं होतं. पण काळ्या बाईने गोऱ्यांच्या जेवणातून ताटली उचलली असती तर कोर्टात ताटली गेली नसती, मी गेले असते. म्हणून फोन आणायला आत गेले, फोटो काढावा म्हणून. परत येते तर अंडी पानांवर." तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमच्या घरात त्या ताटलीबद्दल कुणी कधी काही बोललं नाही? खरंच?"

"आगीचा विषय आमच्या घरात निघत नाही."

"आमच्या घरात दुसरा विषयच निघाला नाही."

मग तिने सांगितलं. खटल्याच्या वेळी ती लहान होती, आईबरोबर कोर्टात वरच्या गॅलरीत बसलेली. वडिलांनी साक्ष दिली की शनिवारी दुपारी ते शाळा पुसायला गेले तेव्हा गृहशास्त्राच्या खोलीतलं काचेचं कपाट होतं, पण त्यातली हिरवी ताटली नव्हती. म्हणजे दुसरं कुणीतरी किल्ली घेऊन येऊन गेलं होतं. आग लागणार हे कुणाला तरी आधी ठाऊक होतं. वकिलाने गृहशास्त्राच्या बाईंना उभं केलं.

"मिस विनी," मी म्हणाले. माझी आई तेव्हा ते शिकवायची.

"मिस विनी. त्या म्हणाल्या, ताटली शनिवारी कपाटातच होती, माझ्या आजीची होती, मधे कोंबडी होती, आणि ती जळाली. आणि अशा रडल्या, मिस जो नेल, अशा रडल्या की ज्युरीतले बाप्ये रुमाल काढायला लागले. त्या क्षणी माझे बाबा खोटारडे ठरले. खोटारडा ठरला म्हणजे आग त्यानेच लावली, झालं." तिने भेंडीचं पातेलं बाजूला ठेवलं. "परवा त्या जळालेल्या ताटलीतलं एक अंडं मी खाल्लं. चांगलं झालं होतं. मोहरी जरा जास्त."

मी म्हाताऱ्याकडे वळले. "आग कुणी लावली असं तुम्हाला वाटतं?"

"मला त्याच्याशी काही देणंघेणं नाही," एझेल गॅटलिन म्हणाले. "ते तुमच्या लोकांचं तुम्ही बघा. मला नोव्हेंबरात रांगेत उभं राहायचंय. म्हणजे बसायचंय." ते जरासं हसले. "ती ताटली हिरवी होती, मी खोटं बोललो नव्हतो. एवढं कुणीतरी जजला सांगा, बस."

अर्नेस्टीनने मला गाडीपर्यंत सोडलं. "लवकर करा," ती म्हणाली. "नाव नोंदवायची मुदत महिनाअखेर संपते. आणि पुढची निवडणूक बाबांना दिसेल असं डॉक्टर म्हणत नाहीत."

५

आई स्वयंपाकघरात टेबलाशी शेंगा सोलत होती. मी तिला काही विचारलं नाही. सरळ चादरींचा कप्पा उघडला आणि पार मागे हात घातला. होती. त्याच अभ्र्यात, त्याच जागी. मी ती आणून शेंगांच्या शेजारी ठेवली.

"फोडून टाकायची होतीस," मी म्हणाले.

"आजीची आहे ती."

"आई, तू कोर्टात सांगितलंस की ही जळाली."

ती शेंगा सोलत राहिली. टरफलं बाजूला सारून म्हणाली, "कोचने सांगितलं होतं मला. शुक्रवारी. म्हणाला, जे जपायचंय ते घरी ने. आता तो गेला. झालं ना तुझं समाधान?"

गावात प्रत्येकजण हेच म्हणत होता. ट्रिप तेच म्हणाला, चर्चच्या बायका तेच म्हणत होत्या. कोच गेला, त्याच्याबरोबर सगळं गेलं, छान सोय झाली. आणि आईचं ऐकून मी उठणारही होते. पण मिस डोरोथियाच्या घरून आल्यापासून एक गोष्ट माझ्या डोक्यात ठाण मांडून बसली होती.

"कोचला माहीत असतं तर त्याने आधी स्वतःच्या बायकोला सांगितलं असतं," मी म्हणाले. "तिच्या बापाची व्हायोलिन त्या आगीत गेली. हातात उचलून आणता येईल एवढी वस्तू. दुसऱ्याच्या बायकोची ताटली वाचवली आणि स्वतःच्या बायकोची व्हायोलिन जाळली? मग राख चाळत बसला आणि हात भाजून घेतले? तुला तरी पटतंय का हे?"

"पुरुषांचं काय सांगावं."

"तेच सांगतेय. पुरुष असल्या गोष्टी बायकांना सांगत नाहीत. एकाच माणसाला सांगावं लागलं असतं. ज्याला रोज संध्याकाळी तुझ्यासमोर जेवायला बसायचं होतं, आणि ज्याला ठाऊक होतं की ही ताटली गेली तर त्याचं जेवण गोड होणार नाही. कोच नाही, आई. बाबा."

तिचे हात थांबले.

"बडी म्हणाला," आई म्हणाली. बडी म्हणजे माझे वडील. "गुरुवारी रात्री जेवताना म्हणाला, विने, शाळेतून काही आणायचं असेल तर उद्यापर्यंत आण. मी का म्हणून विचारलं नाही. ताटली आणली. शनिवारी तो उशिरा आला. त्याच्या शर्टाला रॉकेलचा वास होता. मी शर्ट धुतला, इस्त्री केली. रविवारी तोच घालून चर्चला गेला."

बाबा चर्चमध्ये खर्जात गायचे. अकॅडमीची पहिली बस त्यांनी फुकट चालवली, तीन हिवाळे. मला गाडी शिकवली, माझ्या घटस्फोटाच्या वेळी एक शब्द न विचारता माझं सामान आणून दिलं. ते गेले तेव्हा त्यांचा हात माझ्या हातात होता. मला वाटलं, आता मला भयंकर काहीतरी होणार. काही झालं नाही. दात काढायच्या आधी सुई देतात, मग डॉक्टर तोंडात काय काय करतो ते दिसतं पण आपलं तोंड आपलं वाटत नाही, तसं काहीतरी झालं होतं. मी एक शेंग उचलून सोलली.

"कोर्टात रडलीस ते नाटक होतं?"

"नाही." आईला जरा अपमान वाटल्यासारखा झाला. "खरंच रडले मी."

"एझेलसाठी?"

"ताटलीसाठी. जळाली म्हणून सांगून बसले ना. आता ही जन्मात कधी टेबलावर मांडता येणार नाही, हे तिथे उभं असताना लक्षात आलं."

मी तिच्याकडे पाहिलं. ती खरं बोलत होती. इतकं खरं तिला मी कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

"आणि त्याचं काय होईल असं वाटलं तुला?"

"वर्षा-दोन वर्षांत सोडतील असं वाटलं. मग सोडलं नाही. मग तू मोठी झालीस, मग शाळेची इमारत बांधली, मग..." तिने हाताने हवेत काहीतरी झटकलं.

"जजपुढे सांगावं लागेल, आई. इतक्या वर्षांनी तुला कुणी तुरुंगात घालणार नाही. मी वकिलाला विचारून आलेय."

"तुझ्या बापाचं नाव जाईल."

"जाऊ दे," मी म्हणाले.

तिने ताटली जवळ ओढली आणि धूळ पुसावी तसं बोट तुटक्या चोचीवरून फिरवलं. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. रविवारी चर्चला जाताना मात्र गाडीत विचारलं, "कोर्टात काय घालतात गं हल्ली? टोपी चालते?"

६

सुनावणीच्या आदल्या अंकात मी सगळं छापलं. माझ्या वडिलांचं नाव पहिल्या परिच्छेदात घातलं, कारण दुसऱ्या कुणाच्या वडिलांचं असतं तर तिथेच घातलं असतं. जाहिराती बंद झाल्या. ट्रिपने कळवलं की शाळेचा इतिहास आता दुसरं कुणीतरी लिहील. ज्या बायकांना मी जन्मभर ओळखते त्या दुकानात मला बघून लोणच्याच्या बरण्या वाचायला लागल्या.

कोर्ट भरलं होतं. एका बाजूला गोरे, एका बाजूला काळे. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप बसले तसे. टेबलावर ताटली होती. आई टोपी घालून आली होती. तिने शपथ घेतली आणि सगळं सांगितलं, गुरुवारचं जेवण, शुक्रवार, शर्ट, साक्ष. आवाज एकदाही कापला नाही. सरकारी वकिलाने हरकत घेतली नाही.

जज तरुण होता, अकॅडमीतच शिकलेला. त्याने चष्मा काढला. "मिस विनी," तो म्हणाला, "पन्नास वर्षं तुम्ही हे कुणालाच का सांगितलं नाहीत?"

आईने विचार केला. खरंच केला. "कुणी विचारलं नाही," ती म्हणाली.

मागच्या बाकांवर कुणीतरी खोकलं. त्या खोलीतल्या निम्म्या लोकांनी तो प्रश्न जन्मभर मुद्दाम विचारला नव्हता, मीही त्यातलीच. जजने निकाल वाचला. शिक्षा रद्द, शिक्का रद्द, एझेल गॅटलिन निर्दोष. वाचायला जेवणाआधीच्या प्रार्थनेएवढाही वेळ लागला नाही. मला वाटलं होतं लोक रडतील, ओरडतील. कुणी काही केलं नाही. अर्नेस्टीनने वडिलांच्या कोटाची कॉलर सारखी केली, एवढंच.

बाहेरच्या व्हरांड्यात मतदार नोंदणीची खिडकी आहे. अर्नेस्टीन खुर्ची ढकलत तिकडेच निघाली होती. आईने वॉकर मधे घातला आणि वाट अडवून उभी राहिली.

"एझेल," ती म्हणाली. "अरे, मला तुला एक..."

"मिस्टर गॅटलिन," म्हातारा म्हणाला. आवाज अजिबात चढवला नाही. "मिस्टर गॅटलिन म्हणायचं, विनी."

माझ्या आईला मिसशिवाय नुसतं विनी म्हणणारी माणसं तिच्या बरोबरीची, तिच्या चर्चमधली. काळ्या माणसाने तसं म्हणायची आमच्याकडे रीत नव्हती, आणि आईच्या पिढीतल्या गोऱ्या बाईने काळ्या माणसाला मिस्टर म्हणायची तर मुळीच नव्हती. तिचं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. शपथेवर, गावासमोर, नवऱ्याला आग लावणारा आणि स्वतःला खोटी म्हणताना ती अडखळली नव्हती. हा एक शब्द तिच्याच्याने उच्चारवेना. मी वाट पाहिली. अर्नेस्टीनने पाहिली. त्यांनीही पाहिली, जराही घाई न करता, तिच्या तोंडाकडे बघत.

मग त्यांनी मुलीला मान हलवून खूण केली, आणि खुर्ची आईच्या वॉकरला वळसा घालून खिडकीशी गेली. आतल्या पोरीने नाव विचारलं. त्यांनी सांगितलं, आडनावासकट, मोठ्याने.

"जो नेल," आई म्हणाली, "गाडी आण."

मी आणली.